धरमतरची खाडी : गाळ, जेटी आणि खारबांध

वडखळहून अलिबागच्या वाटेला लागले की थोड्याच वेळात धरमतरचा पूल येतो. खाली अंबा नदी. पण सह्याद्रीत उगम पावून जांभूळपाडा, पाली, नागोठणे करत इथवर येईतो तिची पुरती खाडी झालेली असते. पुढे रेवसजवळ ती समुद्राला मिळते.

भरतीचे पाणी नागोठण्यापर्यंत चढते आणि या मुलखाची ये-जा त्याच पाण्यावर चाले. एकोणिसाव्या शतकात महाबळेश्वरला निघालेले मुंबईकर बोटीने नागोठण्याला उतरत. पुढच्या काळात उतारू मुंबईहून धरमतरला बोटीने येत आणि पेण-अलिबागची गाडी धरत. पूल झाला, रस्ते सुधारले आणि उतारूंचे धरमतर मागे पडले. आज इथे उतरतात ते कोळसा, लोहखनिज आणि चुनखडी.

खाडीच्या पूर्वेला डोलवीचा पोलाद कारखाना आहे. इस्पात कंपनीने उभारलेला हा कारखाना २०१०च्या अखेरीस जेएसडब्ल्यूकडे गेला आणि टप्प्याटप्प्याने त्याची क्षमता वर्षाला एक कोटी टनांवर पोहोचली. एक टन पोलादामागे साधारण दीड टन लोहखनिज लागते, शिवाय कोळसा वेगळा. एवढा बोजा मुंबई-गोवा महामार्गाने कसा सोसावा? म्हणून जेटी वाढवली गेली, माल उतरवणारी यंत्रे आणि थेट कारखान्यात जाणारे कन्व्हेयर पट्टे बसले. धरमतर बंदराची क्षमता आता वर्षाला ३ कोटी ४० लाख टन आहे. मोठी जहाजे इथे येऊच शकत नाहीत; ती रत्नागिरी जिल्ह्यातल्या जयगडच्या खोल बंदरात थांबतात. तिथून आठ-आठ हजार टनांच्या छोट्या मालवाहू बोटी किनाऱ्याने वर येतात. स्थानिक लोक त्यांना सरसकट बार्जच म्हणतात. अशी एक बोट पंचवीस टनी ट्रकांच्या ३२० खेपा वाचवते. या महामार्गावर रखडलेल्या माणसाला हा हिशेब वेगळा समजावून सांगावा लागत नाही. २०१६च्या कायद्याने अंबा नदीचा ४५ किलोमीटरचा पट्टा राष्ट्रीय जलमार्ग क्रमांक १० झाला, ते योग्यच झाले.

अडचण आहे ती गाळाची. पावसाळ्यात नदी डोंगरातली माती आणते, भरती समुद्राकडचा चिखल आत ढकलते आणि भरती-ओहोटीच्या मधल्या स्थिर घटकेत दोन्ही तळाशी बसतात. पात्र एकदा खोल केले म्हणजे काम संपले, असे खाडीत कधीच होत नाही. ड्रेजरच्या फिरत्या पात्यांनी तळ खरवडायचा, चिखल पाण्यासह पाइपातून ओढायचा, तो कुठे टाकायचा हे ठरवायचे आणि पुढे पुन्हा तेच. खोली कमी पडली की बोटीला भरतीची वाट पाहावी लागते. पौर्णिमा-अमावास्येच्या उधाणाला पाणी भरपूर; अष्टमीच्या सुमारास, भांगाला, भरती असूनही पाणी चढत नाही. मग बोट कमी माल घेऊन येते, नाहीतर खोळंबते. हा खोळंबा टळला की गाळ काढण्यावरचा खर्च वसूल होतो.

हे झाले पात्राचे. काठावर काय चालले आहे, ते पाहायला शेतीत शिरणारे खारे पाणी अडवणाऱ्या खारबांधावर उभे राहावे लागते. भरलेली बोट अरुंद पात्रातून जाऊ लागली की काठचे पाणी आधी खाली ओढले जाते. चिखल उघडा पडतो, निवटे टुणटुण उड्या मारत पळतात. मग मागून लाट येते आणि बांधाच्या पायथ्यावर आपटते. बांध मातीचा, फार तर दगडांचे अस्तर. त्यात चिंबोऱ्यांची बिळे. पाणी बिळात शिरते, आतली माती धुऊन नेते आणि एखाद्या उधाणाच्या रात्री बांध फुटून तिथेच खांड पडते.

खांड म्हणजे काय, ते खाडीकाठच्या खारेपाटात कुणालाही विचारा. खारे पाणी भातशेतीत शिरले की जमीन गोडी व्हायला दोन-तीन पावसाळे जातात. घराशेजारच्या तळ्यात वाढवलेला जिताडा मासाही जातो. हे बांध पिढ्यान् पिढ्या गावांनी एकजुटीने राखले. १९७९च्या खारभूमी विकास कायद्यानंतर शासकीय योजनांच्या बांधांची जबाबदारी सरकारी यंत्रणेकडे आली. बोटींच्या लाटांनी बांध खचतात, ही काठच्या शेतकऱ्यांची जुनी तक्रार आहे. उधाण, वादळी वारे आणि दुरुस्तीतली हयगय हीसुद्धा कारणे आहेतच. पण खोल पात्र, मोठ्या बोटी आणि वाढत्या फेऱ्या यांचा भार काठावर येणार, हे साधे गणित आहे. लाटेचा मार खाणारी कांदळवनेही इथे केवळ शोभेची नाहीत. ती तोडायला उच्च न्यायालयाची परवानगी लागते, आणि ही अट सैल होता कामा नये.

बंदर वाढावे, खाडी खोल व्हावी, रस्त्यावरचे ट्रक कमी व्हावेत, हे सगळे हवेच आहे. पण गाळ काढण्याच्या प्रत्येक आराखड्यात दोन्ही काठांच्या बांधबंदिस्तीचा खर्च, बोटींच्या वेगावर मर्यादा आणि पावसाळ्यापूर्वी गावकऱ्यांसह बांधाची पाहणी या तीन गोष्टी लेखी असल्याच पाहिजेत. बंदरांचा कारभार पाहणारे मेरीटाइम बोर्ड आणि बांधांचे खारभूमी खाते यांनी त्यासाठी एका टेबलावर बसावे. नवा आराखडा मंजुरीला आला की काठच्या ग्रामपंचायतींनी जनसुनावणीत पहिला प्रश्न बांधाचाच विचारावा.