पाकिटावरचे नाव

खासगी संदेशांच्या सुरक्षिततेची चर्चा बहुधा मजकुरापाशीच थांबते. वाटेत कोणी संदेश वाचू शकतो की नाही, एवढेच विचारले जाते. त्या प्रश्नाचे तांत्रिक उत्तर आता बव्हंशी सापडलेले आहे. ट्रेव्हर पेरिन आणि मॉक्सी मार्लिनस्पाइक यांनी रचलेली ‘सिग्नल प्रोटोकॉल’ ही पद्धत एप्रिल 2016 पर्यंत व्हॉट्सॲपनेही आपल्या सर्व वापरकर्त्यांसाठी स्वीकारली, आणि पाठवणाऱ्याच्या फोनवर कुलूपबंद होऊन थेट घेणाऱ्याच्या फोनवर उघडणारा, म्हणजेच ‘एंड-टू-एंड एन्क्रिप्शन’ असलेला संदेश ही नित्याची बाब झाली. ओळखीचे मात्र तसे झालेले नाही. कोणी, कोणाला, केव्हा आणि किती वेळा लिहिले ही माहिती, जिला मेटाडेटा म्हणतात, पाकिटावरच्या पत्त्यासारखी मजकुराच्या बाहेर राहते. एखाद्या खात्यातील कारकुनाने रात्री दोन वाजता वार्ताहराला लागोपाठ सात संदेश पाठवले आणि दोन दिवसांनी त्याच खात्याची बातमी छापून आली, एवढे समजले की त्या सात संदेशांत काय होते हे विचारण्याची गरज कोणालाच उरत नाही. अमेरिकेच्या राष्ट्रीय सुरक्षा संस्थेचे माजी प्रमुख मायकेल हेडन यांनी तर आपला देश मेटाडेटाच्या आधारावर माणसे मारतो, असे 2014 मध्ये जाहीरपणे सांगितले होते.

या प्रश्नाचे मूळ एका सोयीत आहे. नव्या ॲपवर पाऊल ठेवताच आपली माणसे तिथे आधीच हजर दिसावीत, यासाठी ओळखपत्र म्हणून मोबाईल क्रमांक वापरला गेला आणि फोनमधील नामसूची सर्व्हरकडे, म्हणजे कंपनीच्या मध्यवर्ती संगणकाकडे, जुळणीसाठी जाऊ लागली. क्रमांक उघडे न पाठवता त्यांचा ‘हॅश’, म्हणजे गणिती सूत्राने केलेला आणि उलट फिरवता न येणारा ठसा, पाठवावा हा उपाय ऐकायला चोख वाटतो, पण तो टिकत नाही. भारतातील मोबाईल क्रमांक दहा अंकी असतात आणि 6 ते 9 यांपैकी एका अंकाने सुरू होतात, म्हणजे एकूण शक्यता जेमतेम 400 कोटी. खेळांसाठी घेतलेल्या साध्या ग्राफिक्स कार्डावर या सर्वांचे ठसे काढायला काही सेकंद पुरतात, आणि मग कोणता ठसा कोणत्या क्रमांकाचा हे नुसते तक्त्यात पाहायचे राहते. सूत्र उलटे फिरत नाही हे खरे, पण ते फिरवण्याची गरजच पडत नाही.

सिग्नल या ॲपने 2017 मध्ये यावर निराळी वाट काढली. इंटेलच्या प्रोसेसरमध्ये ‘सिक्युअर एन्क्लेव्ह’ नावाचा एक बंदिस्त कप्पा असतो, ज्यात चाललेले काम त्या संगणकाच्या मालकालाही डोकावून पाहता येऊ नये अशी योजना असते. नामसूचीची जुळणी या कप्प्यात व्हायची, आणि तिथे जाहीर केलेलाच प्रोग्रॅम चालू आहे याची खातरजमा वापरकर्त्याच्या फोनने आधी करून घ्यायची, अशी ही रचना आहे. अशा कप्प्यांनाही भेगा पडतात हे 2018 नंतर वारंवार दिसले, त्यामुळे याला अभेद्य म्हणणे धाडसाचे ठरेल. जुळणीची सोय बाहेरून कशी वापरली जाऊ शकते, हे व्हिएन्ना विद्यापीठातील संशोधकांनी 2025 मध्ये दाखवले. एकामागून एक क्रमांक विचारत जाऊन त्यांनी सुमारे 350 कोटी व्हॉट्सॲप खात्यांची नोंद केली. कोणतेही कुलूप फोडले नाही, फक्त प्रश्न विचारले. त्यानंतर कंपनीने अशा विचारण्याच्या वेगावर मर्यादा घातल्या.

पाकिटावरचे दुसरे नाव पाठवणाऱ्याचे. आंतरदेशीय पत्राच्या मागे प्रेषकाचा पत्ता लिहायची जागा असे. ती कोरी ठेवली तरी पत्र पोहोचत असे, कारण टपाल खात्याला लागतो तो घेणाऱ्याचा पत्ता. सिग्नलने ऑक्टोबर 2018 मध्ये आणलेली ‘सील्ड सेंडर’ ही सोय याच तर्कावर उभी आहे. पाठवणाऱ्याची ओळख पटवणारे, ठरावीक मुदतीचे प्रमाणपत्र मजकुराबरोबर पाकिटाच्या आत बंद होते आणि ते घेणाऱ्यालाच दिसते. मग निनावी पत्रांचा पूर कसा रोखायचा? त्यासाठी घेणाऱ्याच्या प्रोफाइलच्या किल्लीपासून तयार झालेली एक खूण सर्व्हरला दाखवावी लागते, आणि ती किल्ली सहसा परिचितांकडेच असते; द्वारपालाला नाव न सांगता आतल्या माणसाने दिलेली खूण दाखवावी, तसे हे आहे. तरीही संदेश कोणत्या आयपी पत्त्यावरून, म्हणजे इंटरनेटवरील कोणत्या जोडणीवरून, आला हे सर्व्हरला दिसतेच. शिवाय संदेश पोहोचल्याची पावती घेणाऱ्याचा फोन आपोआप परत पाठवतो, आणि अशा येण्याजाण्याच्या वेळा जुळवून दोघांची सांगड घालता येते, हे 2021 मध्ये संशोधकांनी सिद्ध केले.

माहिती लपवण्यापेक्षा ती जवळ न बाळगणे अधिक भरवशाचे, याचा दाखला 2016 मधील आहे. अमेरिकेच्या व्हर्जिनिया राज्यातील एका ग्रँड ज्युरीने दोन क्रमांकांची माहिती मागितली तेव्हा सिग्नल चालवणाऱ्या संस्थेला एवढेच देता आले, की एका क्रमांकाचे खाते अमुक वेळी उघडले गेले आणि ते शेवटचे तमुक दिवशी सर्व्हरशी जोडले गेले. दुसऱ्या क्रमांकाचे खातेच नव्हते. याउलट, खासगीपणासाठी नावाजल्या जाणाऱ्या टेलिग्रामवर क्रमांक इतरांपासून लपवता येतो, पण त्याच्या नेहमीच्या संभाषणांना मुळात एंड-टू-एंड एन्क्रिप्शनच नाही. त्याची कीर्ती आणि रचना यांत बरेच अंतर आहे.

अर्थात सामान्य माणसाला सर्व्हरपेक्षा शेजारीपाजारी जवळचे. सोसायटीच्या किंवा क्लासच्या गटात सामील होताच एखाद्या तरुणीचा क्रमांक शंभर अनोळखी लोकांच्या हाती पडतो, आणि तिथे गणिती कुलपांचा काही उपयोग नसतो. सिग्नलने फेब्रुवारी 2024 मध्ये, तुलनेने उशिराच, क्रमांकाऐवजी वापरनाव देण्याची सोय आणली. या नावाच्या शेवटी किमान दोन अंक असतात, ते हवे तेव्हा बदलता येते आणि सर्व्हरवर त्याचा केवळ ठसा राहतो. खाते उघडायला क्रमांक मात्र अजूनही लागतो, आणि त्याची पडताळणी एसएमएसने, म्हणजे तिसऱ्याच कंपनीमार्फत, होते. ऑगस्ट 2022 मध्ये ट्विलिओ या अशा कंपनीत घुसखोरी झाली, तेव्हा सिग्नलच्या सुमारे 1,900 वापरकर्त्यांचे क्रमांक धोक्यात आले होते.

क्रमांक न मागणारी ॲपही आहेत. स्वित्झर्लंडचे थ्रीमा आठ अक्षरांची यदृच्छ ओळख देते. ब्रायर हे इंटरनेट बंद असतानाही ब्लूटूथवरून जवळच्या फोनशी बोलते. ही दोन्ही नावे भारत सरकारने मे 2023 मध्ये, काश्मीरमधील दहशतवाद्यांच्या वापराचे कारण देऊन, बंदी घातलेल्या 14 ॲपच्या यादीत होती. त्याआधी 2021 च्या माहिती तंत्रज्ञान नियमांनी 50 लाखांहून अधिक वापरकर्ते असलेल्या संदेशसेवांवर, आदेश आल्यास मूळ प्रेषक शोधून देण्याचे बंधन घातले होते, आणि व्हॉट्सॲपने त्याला दिल्ली उच्च न्यायालयात आव्हान दिले. नोव्हेंबर 2025 मध्ये दूरसंचार विभागाने ज्या सिमकार्डावर खाते उघडले ते फोनमध्ये असल्याशिवाय ॲप चालू नये, असे निर्देश दिले. भारतात सिमकार्ड छायाचित्र आणि पत्त्याच्या पुराव्याशिवाय मिळत नाही. त्यामुळे गटातील शंभर जणांपासून लपलेला क्रमांक कोणाचा, हे सिग्नलला ठाऊक नसले, तरी ते सिम विकणाऱ्या कंपनीच्या दप्तरात छायाचित्रासह नोंदलेले असते.