फॉर्मल नाइटला कोसा

क्रूझ बुक झाली, व्हिसा झाला, औषधांची पिशवी भरली, की सूचनांच्या कागदातली एक ओळ घरात गोंधळ उडवते: ‘फॉर्मल नाइट’. जन्मभर शर्ट-पँटवर शाळा चालवलेले मुख्याध्यापक नागपूरला सूट भाड्याने मिळतो का, याची चौकशी करू लागतात. बाई पुण्याच्या लेकीकडून गाऊनचे फोटो मागवतात. हे नागभीड-ब्रह्मपुरीकडच्या घरात घडतं तेव्हा मात्र हसू येतं. कारण त्या रात्रीला शोभेल असं कापड याच मुलखातल्या मागांवर पिढ्यान्‌पिढ्या विणलं गेलं आहे.

मुळात ही भानगड काय? आठवडाभराच्या सफरीत बहुधा अशा दोन रात्री असतात, आणि त्याही शक्यतो जहाज कुठल्या बंदराला लागणार नसेल त्या दिवशी. मुख्य डायनिंग हॉलमध्ये जेवायला नटूनथटून जायचं, जिन्यात फोटो काढायचे, एवढंच. सगळ्या कंपन्या सारख्या कडक नसतात. क्युनार्डच्या जहाजांवर संध्याकाळी सहानंतर हा नियम गांभीर्याने घेतात. नॉर्वेजियनवर सक्ती नाही. ज्यांना नटायचंच नाही, त्यांना बुफे उघडा असतो. आणि आपल्या कामाची गोष्ट अशी की, टक्सिडो आणि गडद सुटाच्या जोडीला क्युनार्ड आपापल्या देशाचा औपचारिक पोशाखही मान्य करतं. स्कॉटिश माणूस तिथे किल्ट घालून येतो. मग आपल्या साडीने काय घोडं मारलंय?

आनंदीबाई जोशींनी 1883 च्या एप्रिलमध्ये कलकत्त्याहून अमेरिकेची बोट धरली, ती साडी सोडायची नाही असं ठरवूनच. तिकडे गेल्यावर नऊवारीत पोटऱ्या उघड्या पडतात म्हणून त्यांनी गुजराती पद्धतीने साडी नेसायला सुरुवात केली. नेसण बदललं, साडी राहिली. ही तडजोड आजही शहाणपणाची वाटते.

साडी म्हटलं की आपला हात पैठणीकडे जातो. पण जहाजासाठी मी कोशाला मत देईन. येन आणि अर्जुनाच्या पानांवर वाढलेल्या अळ्यांचे कोष, ते उकळून काढलेला धागा, आणि त्याचा मुळातलाच मधाळ, किंचित तपकिरी सोनेरी रंग. झुंबराच्या उजेडात जरीची साडी डोळ्यांवर येते. कोसा नुसता उजळतो. हाताला तो थोडा खरखरीत लागतो, धाग्यात मधूनमधून गाठी दिसतात. ती खोट नव्हे, ओळख आहे. त्याला विदर्भाचा करवती काठ असेल तर बाकी दागिन्यांची गरजच नाही. तीन धोटे वापरून विणलेला हा काठ अंगाच्या कापडात करवतीच्या दात्यांसारखा घुसलेला असतो. करवत काठीला भौगोलिक मानांकनही मिळालेलं आहे.

आता अडचणी. बहुतेक जहाजांवर केबिनमध्ये इस्त्री नेऊ देत नाहीत, आगीची भीती. त्यामुळे साडीच्या घड्या घालून ती बॅगेत कोंबू नका. पुठ्ठ्याच्या नळीवर जुन्या सुती कापडासकट गुंडाळून न्या. पाण्याचा थेंब पडला तरी कोशावर डाग राहू शकतो, म्हणून अत्तर आधी लावायचं, साडी मागून नेसायची. पदर मोकळा सोडण्याची हौस डेकवर करू नये. वारा असा असतो की, पदर शेजारच्याच्या सूपमध्ये जाईल. खांद्याला दोन पिना आणि निऱ्यांना एक पाहिजेच. उंच टाचा घरी ठेवा. जमीन हलते तेव्हा सपाट चप्पल बरी. नऊवारी सफाईने नेसता येत असेल तर जिने चढायला तिच्यासारखं सोयीचं काही नाही, पण केबिनच्या टीचभर जागेत ती नेसून दाखवणं ही वेगळीच कसरत.

पुरुषांचं सोपं आहे, तरी घाबरतात तेच जास्त. गांधीजी 1888 मध्ये मुंबईहून विलायतेला निघाले, तेव्हा त्यांनी पांढऱ्या फ्लॅनेलचे कपडे उतरायच्या दिवसासाठी राखून ठेवले होते. सप्टेंबरअखेर साउदॅम्प्टनला उतरले, तर तसल्या कपड्यांत ते एकटेच. म्हणजे कपडा उंची असून भागत नाही, वेळ आणि ऋतूही बघावे लागतात. फिकट कोशाचं जॅकेट दुपारी छान दिसेल; रात्रीसाठी गडद रंगवलेल्या कोशाचा बंद गळ्याचा कोट शिवावा, खाली काळी पँट, काळे बूट. टाय बांधायची कटकट त्यात नाही.

कोट शिवायचा तर कापड महिना-दोन महिने आधी घ्या. कोसा विरळ विणीचा असेल तर शिवणीत निसटतो, म्हणून शिंप्याला आतून पूर्ण अस्तर लावायला सांगा. डायनिंग हॉलमधला एसी नागभीडच्या डिसेंबरसारखा बोचतो, तिथे ते अस्तर अंगालाही कामी येईल.