बाज विकू नका!

कामरगावच्या अंगणात पाहुणा आला की आधी बाज टाकावी, मग पाणी द्यावे, ही आपली वऱ्हाडी रीत. चार लाकडी पाय, चौकट आणि अंबाडीच्या सुतळीची वीण. सैल झाली की पायथ्याची दोरी ओढली, पुन्हा ताठ. हप्त्याच्या सोफ्याला ही सोय कुठली?

पण आपल्या आज्यांना याच बाजेवर निवांत बसता येत नव्हते. गावचा बडा माणूस रस्त्याने निघाला की उठून उभे राहावे लागे. बाबासाहेबांना तर शाळेत वेगळ्या गोणपाटावर बसवीत. शाळा झाडणारा नोकरही ते शिवत नसे. ते रोज घरी न्यायचे, रोज आणायचे. त्याच बाबासाहेबांनी पुढे 1933 च्या सुमारास दादरला राजगृह उभारले, ग्रंथांसाठी!

म्हणून आम्ही म्हणतो, बाज भंगारात देऊ नका. नवी वीण घालून, वर धुतलेली गोधडी टाकून तिला बैठकीत मानाने ठेवा. सोफ्याचे पैसे साठले असतील तर आधी गावच्या सुताराकडून पोरांसाठी टेबल-खुर्ची करून घ्या. टेबल खिडकीशी असे लावा की उजेड डावीकडून येईल, म्हणजे लिहित्या हाताची सावली वहीवर पडणार नाही. पोरगी डावखुरी असेल तर उजवीकडून.