वेष्टन कुठून येते, कुठे जाते

नाताळची भेटवस्तू रंगीत कागदात गुंडाळून देण्याची रीत आता दिवाळीच्या भेटींनीही उचलली आहे. ती फार जुनी वाटते, पण तिचे आजचे रूप जेमतेम शंभर वर्षांचे आहे. १९१७ साली अमेरिकेतल्या कॅन्सस सिटीत हॉल बंधूंच्या दुकानातला साधा पातळ कागद ऐन सणात संपला. मग त्यांनी पाकिटांच्या अस्तरासाठी फ्रान्सहून आणलेले नक्षीदार कागद दहा सेंटला एक या दराने विकायला ठेवले. ते हातोहात खपले आणि पुढे त्यातून त्यांच्या हॉलमार्क कंपनीचा वेष्टनाच्या कागदाचा व्यवसाय उभा राहिला. १९३० साली रिचर्ड ड्रू यांनी पारदर्शक चिकटपट्टी बाजारात आणली. दोऱ्याची गाठ सोडता येते. चिकटपट्टी लावलेला कागद फाडावाच लागतो. माझा आक्षेप गुंडाळण्यावर नाही, या फाडण्यावर आहे, आणि त्याची किंमत गडचिरोलीच्या जंगलात स्पष्ट दिसते.

एटापल्ली तालुक्यातल्या सूरजागडचे नाव आज लोहखनिजामुळे घेतले जाते. पण त्या डोंगराच्या परिसरातल्या माडिया गावांना दर उन्हाळ्यात रोख पैसा मिळवून देते ते एक वेष्टनच. तेंदूचे पान तंबाखूभोवती गुंडाळले की विडी होते. मे महिन्याच्या उन्हात पाने तोडायची, सत्तर-सत्तर पानांची पुडकी बांधायची, मग ती वाळत घालायची, असे ते काम असते. याच रानातून कागदाचीही वाट जाते. बल्लारपूरच्या कागद गिरणीला या भागातला बांबू कित्येक दशके सरकारी सवलतीने मिळत होता. गिरणीचा माल मुख्यतः लिहिण्या-छापण्याचा, त्यामुळे चकचकीत वेष्टनाचा दोष तिच्यावर टाकणे अन्यायाचे होईल. पण कागद कोणाच्या दारातून उचलला जातो, हे इथे कळते. धानोरा तालुक्यातल्या मेंढा (लेखा) गावाचा आपल्या जंगलावरचा सामूहिक हक्क मान्य व्हायला २००९ साल उजाडले, आणि बांबू बाहेर नेण्याचे परवाने देण्याचा अधिकार ग्रामसभेच्या हाती आला तो २७ एप्रिल २०११ रोजी. ज्या मालावरच्या हक्कासाठी माणसांना इतकी वर्षे झगडावे लागले, त्यापासून होणारी वस्तू दोन मिनिटांत कचऱ्यात जावी, हे मला पटत नाही.

यावर कोणी म्हणेल, कागद कुजतो, पुन्हा लगद्यात जातो, मग एवढी चिंता कशाला? साध्या कागदाबाबत हे खरे आहे. पण चमकणारे वेष्टन पुष्कळदा प्लास्टिकचे किंवा प्लास्टिकचा थर दिलेले असते. मुठीत चुरगळून सोडल्यावर ते आपोआप उलगडले, तर रद्दीवाला त्याचे काही करू शकत नाही. दुसरा आक्षेप अधिक वजनदार आहे. आत काय आहे याची उत्सुकता हीच मुलांच्या आनंदाची अर्धी गोष्ट असते, ती का हिरावून घ्यायची? ती हिरावून घेऊच नये. पण झाकायला कापडही पुरते. गोव्यात नाताळचा फराळ, नेवऱ्या, दोदोल, बेबिंका, शेजाऱ्यांकडे ताटातून जातो तो रुमालाखाली झाकून, आणि आपल्याकडे दिवाळीच्या ताटावर क्रोशाचा रुमाल असतोच. जपानमध्ये फुरोशिकी या चौकोनी कापडात भेट बांधतात. तिथल्या पर्यावरणमंत्री युरिको कोइके यांनी २००६ साली टाकाऊ बाटल्यांच्या धाग्यापासून विणलेल्या फुरोशिकीचा मुद्दाम प्रचार केला होता.

कापडासारखेच पानही वेष्टनच, मग सगळ्यांनीच पानांत भेटी बांधाव्यात का? तसे मी म्हणणार नाही. तेंदूची कोवळी पाने मिळावीत म्हणून झुडपे छाटली जातात, कुठे कुठे आगही लावली जाते. शहराची हौस वाढली तर रानावरचा हा ताण वाढेल. पळसाचे म्हणाल, तर डिसेंबरात त्यावर असतात ती जुनी, जाड पाने. पत्रावळ-द्रोणाला ती चालतात, पण कुरिअरच्या प्रवासात टिकायची नाहीत. दूर पाठवायच्या भेटीला साधा तपकिरी कागद आणि सुतळीच बरी. तो कागद घडी घालून पुढच्या वर्षी वापरता येतो, मात्र त्यावर चिकटपट्टी लावायची नाही.