हंटिंग नाइफ जमवताय? आधी त्याची मूठ बघा!

हातानं घडवलेल्या चाकूंचे रील तुम्हीही पाहिले असतील. पात्यावर क्रमांक, चामड्याचं म्यान आणि 'मोजकेच नग शिल्लक' अशी ओळ. हेच लिमिटेड एडिशन हंटिंग नाइफ. पण भारतात शिकारीवर बंदी आहे. मग हे चाकू जमवता येतात का?

ते महाग का असतात?
जास्त कार्बन असलेलं पोलाद तापवून, ठोकून पातं घडवतात. मग ते लालबुंद करून तेलात बुडवतात. त्यानं पातं कडक होतं, पण ठिसूळही. म्हणून ते पुन्हा साधारण २०० अंश सेल्सिअसवर तापवतात. यात पात्याला तडा गेला, तर सगळी मेहनत वाया.

विदर्भाचा काय संबंध?
ही कला इथे फार जुनी आहे. नागपूर जिल्ह्यातल्या नायकुंडला उत्खननात लोखंड वितळवण्याची प्राचीन भट्टी सापडली. माहुरझरीच्या शिळावर्तुळांत तांब्याची मूठ असलेली लोखंडी कट्यार मिळाली. कुही तालुक्यातल्या अडम इथेही लोहयुगीन वस्तीचे थर आहेत.

कायदा काय सांगतो?
१. पातं ९ इंचांपेक्षा लांब किंवा २ इंचांपेक्षा रुंद असेल, तर चाकू शस्त्र नियमांच्या कक्षेत येतो. घरकाम आणि शेतीची अवजारं यातून वगळली आहेत. ऑर्डर देण्याआधी पोलीस ठाण्यात चौकशी करा.

२. खरी गोची मुठीत आहे. सांबर किंवा चितळाच्या शिंगाची मूठ असेल, तर वन्यजीव संरक्षण कायदा, १९७२ लागू होतो. या शिंगांच्या व्यापारावर बंदी आहे. 'शिंग आपोआप गळालेलं आहे' ही सबब चालत नाही. गुन्हा सिद्ध झाला तर तुरुंगवास होऊ शकतो. शिसव किंवा बाभळीच्या लाकडाची मूठ घेतली तर ही भीती नाही.

आणि शेतात जुनं पातं सापडलं तर?
ते घासूनपुसून विकू नका. १८७८ च्या निखात निधी कायद्यानुसार जमिनीत सापडलेल्या मौल्यवान वस्तूची माहिती जिल्हाधिकाऱ्यांना द्यावी लागते. शिवाय घासताना गंजाबरोबर पुरावाही जातो.

उमरेड-कऱ्हांडला अभयारण्य कुहीच्या उंबरठ्यावर आहे. तिथे सांबर दरवर्षी शिंगं टाकतं. पायाशी पडलेलं ते शिंग उचलायचा मोह होतोच. पण फोटो काढा आणि शिंग तिथेच राहू द्या.