परसबागेतील सुगी बरणीत भरताना...

बडनेरा : नैर्ऋत्य मोसमी पाऊस साधारणतः ऑक्टोबरच्या पहिल्या पंधरवड्यात विदर्भाचा निरोप घेतो. आश्विनाचे ऊन तापू लागते आणि जुन्या वस्तीतील वाडे असोत की नव्या वस्तीतील बंगले, जेथे घरामागे चार हात काळी जमीन आहे, तेथील परसबाग एकाच वेळी भरभरून देऊ लागते. गवार, भेंडी, कारली रोज तोडावी लागतात. कुंपणावर कोहळी लोंबतात. अंबाडीची बोंडे लाल होतात आणि दिवाळीच्या सुमारास आवळाही भरू लागतो. चार माणसांच्या कुटुंबाला एवढे संपत नाही. शेजारीपाजारी वाटूनही उरते. पंधरा दिवसांत भेंडी जून होते आणि मग उन्हाळ्यात तीच भाजी चढ्या भावाने विकत आणावी लागते.

वाळवण म्हटले की चैत्र-वैशाख आठवतो. परंतु तो हंगाम पापड-कुरडयांचा आणि कैरीचा. परसातील भाज्या व फळे टिकविण्याचा खरा काळ शरद ऋतूचाच. पाऊस थांबलेला असतो, ऊन कडक असते आणि हवेतील दमटपणा उतरू लागतो. कार्तिकात दव पडू लागले, की वाळवणाचे काम मंदावते. ही संधी जेमतेम काही आठवड्यांची असते.

तोडणीची वेळ

टिकाऊपणाची सुरुवात झाडावरच होते. भेंडी, गवार कोवळी असतानाच, सकाळी दव उडून गेल्यावर तोडावी. आवळा मात्र घाईने काढू नये. हिरव्या रंगावर पिवळसर झाक आली आणि आतील बी पांढरट न राहता तपकिरी झाले, की फळ पक्व समजावे. पुण्या-मुंबईत ज्याला लाल भोपळा म्हणतात, ते वऱ्हाडातील कोहळे नखाने साल टोचली जाणार नाही इतके टणक झाल्यावर, दोन-तीन इंच देठ ठेवून कापावे. देठ मोडला, की तेथूनच सड शिरते. काही दिवस ऊन दाखवून कोरड्या, हवेशीर जागी ठेवलेले कोहळे दोन-तीन महिने सहज टिकते. डाग पडलेले किंवा किडलेले फळ साठवणीत घेऊच नये; ते त्याच दिवशी स्वयंपाकात वापरावे.

उन्हाचे काम

बुरशी आणि जिवाणूंना वाढण्यासाठी पाणी लागते. ते काढून घेणे, हेच वाळवणाचे मर्म होय. गवारीच्या शेंगा उकळत्या पाण्यात दोन-तीन मिनिटे बुडवून, निथळून मग उन्हात घालाव्यात. त्यामुळे रंग व चव बिघडविणारी विकरे, म्हणजेच भाजीतील रासायनिक क्रिया चालविणारी द्रव्ये, निष्क्रिय होतात. भेंडीच्या चकत्या न उकळताच वाळवाव्यात, नाहीतर त्या बुळबुळीत होतात. कारल्याच्या काचऱ्यांना मीठ चोळून, सुटलेले पाणी पिळून टाकावे. मेथी सावलीतच वाळवावी. कडक उन्हात तिचा रंग व वास उडतो.

वाळवण पातळ मलमली कापडाने झाकावे आणि सूर्यास्तापूर्वी घरात घ्यावे. दिवसभर गमावलेले पाणी रात्रीच्या दवाने परत येते. भाजी हातात कडकन मोडली, तरच ती वाळली असे मानावे. त्यानंतरही ती आठवडाभर काचेच्या बरणीत ठेवून रोज पाहावी. काचेला आतून ओलावा दिसला, तर पुन्हा ऊन द्यावे.

मीठ, आंबट आणि साखर

लिंबाच्या लोणच्यात मीठ आणि आम्ल दोन्ही राखणदारी करतात. एक किलो पिवळ्या लिंबांना सुमारे २०० ग्रॅम मीठ, हे जुन्या हातांचे प्रमाण शास्त्रालाही धरून आहे. मिठाचे प्रमाण १५ टक्क्यांच्या आसपास गेले, की बहुतेक सूक्ष्मजीवांची वाढ थांबते. तब्येतीच्या काळजीने मीठ निम्मे करायचे असेल, तर ते लोणचे फ्रीजमध्ये ठेवून लवकर संपवावे. रक्तदाबाच्या रुग्णाने लोणच्याची फोड लहान घ्यावी, हा अधिक सोपा उपाय.

मोरावळ्यात हेच काम साखर करते. मात्र, तो आंबतो अशी तक्रार अनेक घरांत ऐकू येते. त्याचे कारण असे, की पाक पहिल्या दिवशी घट्ट दिसला, तरी रात्रभरात आवळ्यातील पाणी त्यात उतरते आणि पाक पुन्हा पातळ होतो. म्हणूनच दुसऱ्या व तिसऱ्या दिवशी तो पुन्हा आटवावा लागतो. पाकातील साखर शेकडा ६५ ते ६८ च्या घरात स्थिरावली, की मोरावळा वर्षभर राहतो.

अंबाडीच्या लाल बोंडांत आम्ल आणि पेक्टिन दोन्ही असल्याने त्यांची जेली सहज जमते. बी काढून पाकळ्या उकळाव्यात, गाळलेल्या अर्काच्या पाऊणपट साखर घालून आटवावे. पळीवरून थेंब न पडता पापुद्र्यासारखा ओघळ तुटला, की आच बंद करावी. याच पाकळ्या वाळवून ठेवल्या, तर उन्हाळ्यात सरबताला उपयोगी पडतात.

प्रत्येक फळाला मात्र हे उपाय मानवत नाहीत. सीताफळाचा गर तापविल्यास कडवट होतो; त्यामुळे तो गोठवूनच ठेवावा. आंबिया बहराच्या संत्र्यांचा रस काढताना बिया आणि पांढरे तंतू मिक्सरमध्ये भरडले गेले, तर रस ठेवल्यावर कडू होतो. म्हणून तो हलक्या हाताने पिळावा.

येथे धोका आहे

अलीकडे इंटरनेटवरील परदेशी चित्रफिती पाहून उकडलेल्या भाज्या हवाबंद बाटल्यांत भरण्याची हौस वाढली आहे. फ्रान्सच्या निकोला आपेर यांनी १८१० मध्ये जगासमोर मांडलेली ही पद्धत खरी; पण आंबट फळांपुरतीच ती घरगुती पातेल्यात सुरक्षित आहे. गवार, भेंडी, मका यांत आम्ल अत्यल्प असते. अशा भाज्यांत क्लॉस्ट्रिडियम बोट्युलिनम या जिवाणूचे बीजाणू उकळत्या पाण्यालाही दाद देत नाहीत. पुढे बाटलीत हवा नसल्याचा फायदा घेऊन ते वाढतात आणि मज्जासंस्थेवर आघात करणारे, प्रसंगी प्राणघातक ठरणारे विष तयार करतात. त्याला वास किंवा चव असेलच असे नाही. त्यांचा नाश करण्यास सुमारे १२१ अंश सेल्सिअस तापमान ठरावीक वेळ राखावे लागते आणि त्यासाठी मुद्दाम बनविलेले दाबपात्र लागते. नुसत्या तेलात बुडवून कपाटात ठेवलेल्या लसणालाही हाच धोका असतो. म्हणून अशा भाज्या वाळवाव्यात किंवा गोठवाव्यात, बाटलीबंद करू नयेत.

दुसरी सवय बुरशीची. वरचा थर काढून खालचे लोणचे वा मोरावळा खाण्याची काटकसर अंगलट येऊ शकते. नीट न वाळलेल्या मिरच्या आणि शेंगदाण्यांवरील काही बुरशी अफ्लाटॉक्सिन नावाचे विष तयार करतात. ते यकृताला घातक असून शिजविण्याने पूर्णपणे नाहीसे होत नाही. असा माल टाकून देणेच शहाणपणाचे.

भांड्यांबाबतही दक्षता हवी. आंबट पदार्थ तांब्या-पितळेच्या किंवा ॲल्युमिनियमच्या भांड्यात ठेवू नयेत. चिनी मातीची अथवा काचेची बरणी धुऊन, उन्हात पूर्ण कोरडी करून मगच भरावी आणि तिच्यावर तारीख लिहावी.

या विषयातील मार्गदर्शनासाठी बडनेऱ्याच्या रहिवाशांना लांब जाण्याची गरज नाही. दुर्गापूर (बडनेरा) येथे कृषी विज्ञान केंद्र आहे, तर १९६९ मध्ये स्थापन झालेले डॉ. पंजाबराव देशमुख कृषी विद्यापीठ शेजारच्या अकोल्यात आहे. घरापुरते न थांबता विक्रीचा विचार करणाऱ्या बचत गटांनी अन्नसुरक्षा कायद्यानुसार नोंदणी करणे बंधनकारक आहे, हेही ध्यानात ठेवावे.

कार्तिक शुद्ध नवमीला आवळा नवमी आणि कूष्मांड नवमी अशी दोन्ही नावे आहेत. आवळा आणि कोहळा ही शरदातील दोन टिकाऊ फळे परंपरेने एकाच तिथीशी जोडली आहेत. तोवर वाळवणाचे काम उरकले, तर परसातील मेहनत वैशाखापर्यंत ताटात राहील.