एक कोटीचा प्रश्न समोर आला तर उत्तर द्यायचं की खेळ सोडायचा?

ऑक्टोबर २०००. 'कौन बनेगा करोडपती'च्या हॉट सीटवर मुंबईचे २७ वर्षांचे हर्षवर्धन नवाथे बसले होते. तेव्हा ते यूपीएससीची तयारी करत होते. ५० लाख जिंकून झाले होते आणि शेवटचा, १५वा प्रश्न आला: संसदेच्या कामकाजात भाग घ्यायची परवानगी राज्यघटना यांपैकी कोणाला देते?

नवाथे यांचं उत्तर होतं, अ‍ॅटर्नी जनरल. ते बरोबर ठरलं आणि देशाला पहिला 'करोडपती' मिळाला. घटनेच्या कलम ८८ नुसार अ‍ॅटर्नी जनरल दोन्ही सभागृहांत बोलू शकतात, पण मतदान करू शकत नाहीत.

धोका किती होता?

उत्तर चुकलं असतं तर नवाथे ५० लाखांवरून थेट ३ लाख २० हजारांवर आले असते. म्हणजे जिंकले तर ५० लाख जास्त, हरले तर ४६ लाख ८० हजार कमी.

चार पर्यायांपैकी डोळे झाकून एक निवडला, तर सरासरी हाती येतात २७ लाख ४० हजार. त्यापेक्षा ५० लाख घेऊन उठणं बरं. दोनच पर्याय उरले असतील, तर सरासरी जाते ५१ लाख ६० हजारांवर. थोडक्यात, उत्तराची निम्मी खात्री असेल तरच खेळायचं.

बबिता ताडेंनी खेळ का सोडला?

सप्टेंबर २०१९ मध्ये अमरावती जिल्ह्यातल्या बबिता ताडे यांनी १ कोटी जिंकले. त्या शाळेत मुलांसाठी खिचडी शिजवायच्या, पगार महिना १,५०० रुपये. पुढचा प्रश्न होता ७ कोटींचा. त्यांनी खेळ सोडला.

इथे डोळे झाकून उत्तर दिलं तरी सरासरी येते सुमारे १ कोटी ७७ लाख. मग त्यांचं चुकलं का? अजिबात नाही. सरासरी खरी ठरते ती तोच खेळ अनेकदा खेळल्यावर. हॉट सीटवर संधी एकदाच मिळते, आणि अंदाजाने उत्तर दिलं तर चारपैकी तीन शक्यता ३ लाख २० हजारांच्याच. १,५०० रुपये पगारात १ कोटी जमवायला साडेपाचशे वर्षं लागतात!

गणितज्ञ डॅनियल बर्नुली यांनी १७३८ मध्येच हे मांडलं होतं: तीच रक्कम गरिबाला जितकी मोलाची, तितकी श्रीमंताला नसते.

परीक्षा देणाऱ्यांसाठी

यूपीएससीच्या पूर्वपरीक्षेत चुकीच्या उत्तराला एक तृतीयांश गुण कापतात. चार पर्यायांत आंधळा अंदाज लावला, तर सरासरी फायदा शून्य. पण एक जरी पर्याय खात्रीने बाद करता आला, तर अंदाज लावणं फायद्याचं. कारण सामान्य अध्ययनाच्या पेपरात १०० प्रश्न असतात. एक चुकला तरी पुढे भरून काढता येतो.

हॉट सीटवर तसं नसतं.